पेवात उतरण्याआधी

नववी 'ब'च्या श्रेणिका मगदूमनं
भूगोलाची वही मागून लिहायला घेतली होती:
रात्री सव्वाबारा – एकतीस फूट सहा इंच.
पावणेदोन – एकतीस दहा.
तीन वाजून वीस – बत्तीस.
आयर्विन पुलाखाली कृष्णा किती चढली
ते पोरगी मोबाईलवर बघत बसायची
आणि सकाळी पहिल्या तासाला
बाकावर डोकं टेकून झोपायची.

मी आधी वही जप्त केली.
हे कबूल करायला हवं.
हेही, की जूनमध्ये मीच पडद्यावर
तो लाल रेघेचा आलेख दाखवला,
सत्तर पोरांना हात पुढे करायला लावून
पृथ्वी वाचवायची शपथ दिली,
आणि घंटा झाल्यावर
स्टाफरूममध्ये निवांत चहा प्यायले.
शपथ तिथंच वर्गात राहिली,
श्रेणिकाच्या मानेवर.

"मॅडम, मी पंखा लावत नाही.
आईशी भांडून गाडी सोडली, चालत येते.
तरी पाणी चढतंच.
म्हणजे माझं काय कमी पडतंय?"

नववीतल्या मुलीला कुणी असा हिशेब विचारू नये.
तिनं स्वतःलाही.

रविवारी हरिपूरला गेले.
तातोबामामा हळदीच्या पेवात उतरायचे,
पेवं होती तेव्हा. महापुरानं बुजवली बरीचशी.
वीस-पंचवीस फूट खोल, तोंड एवढंसं,
आत वर्षभर कोंडलेली, जड झालेली हवा.
भीती नाही वाटायची?
"वाटायची की. म्हणून तर जगलो.
तोंड उघडून आदी वारं खेळू द्यायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला, तर माणूस उतरत न्हाई,
मालक कितीबी वरडू दे.
आन उतरला, तरी वर एकजण दोर धरून.
त्याला बी तेवढीच हजरी, बरं का.
पोतं उचललं न्हाई म्हणून
कुणी त्याचं पैसं कापलं न्हाईत."

सोमवारी वही परत दिली.
ही गोष्ट सांगितली. 'मालक वरडू दे'ला वर्ग हसला.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
शेवटच्या बाकावरून तौफिक मुजावर,
जो हजेरीलाही अर्धंच 'हजर' म्हणतो,
म्हणाला, आमच्या बोळात जिना चढता न येणारी
नऊ माणसं आहेत. घरं मला ठाऊक आहेत.
खडूनं नकाशा काढला त्यानं.
नववं घर त्याचंच निघालं.

सुनेत्राला भाषण नको होतं,
शाळेचे गळके नळ हवे होते, आणि पाना.
पार्श्वला काहीच नको होतं.
"मी कंदील बघतो," म्हणाला, टाळ्या मिळवायला,
पण त्यानं खरंच बघितलं:
कोण डबा न उघडता घरी नेतंय,
कोण मधल्या सुट्टीत जागेवरून उठत नाही.
कानाशी येऊन सांगायचा,
मॅडम, तिसरी रांग, विझत आलाय.
मी धडा मिटायचे.
दोनदा मला एकटीला झेपेना,
तेव्हा सिव्हिलमधल्या समुपदेशक ताईंना बोलावलं.
दोर धरणाऱ्याचेही हात भरून येतात.

श्रेणिकाचं काम एवढंच ठरलं:
सकाळी सातला, एकदा, आकडा बघायचा,
फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा.
रात्रीचं पाणी पाटबंधारे खात्याचं.
त्यांना त्याचा पगार आहे, मी म्हटलं.
जूननंतर पहिल्यांदा तिचे दात दिसले.

थाप मारणार नाही. नदीनं आमचं ऐकलं नाही.
जुलैअखेर फळ्यावर सदतीस आलं,
मग एकोणचाळीस, मग शाळेला सुट्टी.
तौफिकची नऊही माणसं
त्याआधीच मिरजेला पोचली होती,
त्यातलं एक कोंबडी काखेत घेऊन.

पाणी उतरल्यावर शाळा उघडली.
आमचा वर्ग वरच्या मजल्यावरचा,
म्हणून फळा जसाच्या तसा.
कोपऱ्यात एकोणचाळीस.
त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या घाईच्या अक्षरात:
झोपलीस का?
आणि त्याखाली, अगदी बारीक:
हो. साडेनऊला.