वरीलप्रमाणे

जतच्या पुढं, बाभळीच्या कुंपणातून
एकोणतीस पोरं बाहेर काढली.
समितीच्या बाई तक्ता भरत होत्या.
आया सात.
बापाच्या रकान्यात आधी महाराजांचं नाव,
मग खालपर्यंत नुसतं
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

तुळसाला वय सांगता येईना.
डॉक्टरांनी दात मोजले,
मनगटाचा एक्स-रे उजेडाकडं धरला :
चौदाच्या आत.
गळ्यातली काळी पोत पंचनाम्यात लिहिली,
मणी मोजून.

गाडीत माझं बोट धरून बसली.
शेरडांना पाणी कोण दावणार, विचारत राहिली.
कवठेमहांकाळ गेल्यावर हळूच :
"तिकडंबी रात्रीच्या पाळ्या लावत्यात?"
"लावत्यात की," मी म्हटलं, "आज माझीच हाय."

बोट सुटलं.
खिडकीला जाऊन चिकटली पोर.

मला कळायला
मिरज यावं लागलं.