आतल्या गाठीचा फोर्क

रविवारी गाश्पेरला वर्शिच चढायचाय,
पन्नास वळणं, त्यातली निम्मी दगडी फरसबंदीची,
आणि आज शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ,
पुढच्या ब्रेकची नळी
फोर्कच्या पोटात अडलीय.

काळा कार्बन, तळव्याला गार.
खांद्यामागे एक भोक, करंगळीच्या नखाएवढं,
खाली घोट्याशी दुसरं.
मधे पावणेदोन वीत अंधार.

पूर्वी नळ्या बाहेरून जायच्या,
प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आवळल्या की झालं.
आता सगळ्यांना सगळं आत हवं,
वाऱ्याला दिसू नये, शेजाऱ्याला तर नाहीच.
मी कोण नावं ठेवणार?
मीही याच गावातली.
इद्रियात कुणी आतलं बाहेर लोंबू देत नाही.

खालून ढकलली. गेली, गेली,
आणि बरोब्बर खांद्याशी थांबली.
राळेचा थेंब असेल,
साच्यात कुणाच्या तरी घाईत सुकलेला.
चुंबक फिरवून झालं. गिअरची जुनी तार घालून झाली.
तार भोकाजवळ येते, हुंगते, परत जाते.
जोर लावता येत नाही.
लोखंड आधी कुरकुरतं,
कार्बन काही बोलत नाही, एकदम जातो.

बाबा असाच.
एकोणीस वर्षं पाऱ्याच्या खाणीत.
शेवटी बोटांना कंप सुटला,
शर्टाची गुंडी काजात जाईना.
आईला हाक मारायचा नाही,
नुसता गळ्यापाशी हात धरून
स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा.
ती हातातली कालवण ढवळायची पळी खाली ठेवायची,
गुंडी लावायची, पळी उचलायची.
आम्ही मुलं तेवढा वेळ ताटात बघायचो.

आई जिना उतरून आली, एक्याऐंशी वर्षांची,
सूप दुसऱ्यांदा गार झालं हे सांगायला.
माझ्या कपाळावरची बॅटरी बघून हसली.
"आत बघून काय करणार आहेस?"
मग फोर्क हातात घेतला,
अंगठा खांद्यावरून फिरवला,
"दोरा कधी ढकलतात का गं?"

पुन्हा जिना. सोळा पायऱ्या, गुडघ्यांसकट.
उतरली तेव्हा काखेत लेसच्या दोऱ्याचं रीळ,
मागे धडधडत व्हॅक्यूम क्लीनर.
खालच्या भोकाला मी त्याचं तोंड लावलं,
कडेने ओला फडका कोंबला.
वर तिने दोऱ्याचं टोक सोडलं, चिमटीतून, हलकेच,
लोडावर लाकडी बॉबिन टाकते तसं.
सुर्रकन गेला.
इतक्या लवकर गेला की मला रागच आला.

नळीला गाठ तिने मारली.
चष्मा न लावता, माझ्याकडे बघत,
काहीतरी तिसरंच बोलत, शेजारच्या श्टेफानच्या मोतीबिंदूबद्दल.
मी वरून ओढत गेले. खांद्याशी पुन्हा अडलं.
"दोरा नको ओढू. नळी फिरव. थोडी. अजून."
पाव वळसा,
आणि काळं टोक भोकातून बाहेर डोकावलं,
उशिरा उठलेल्या पाहुण्यासारखं.

पुढचं काम माझं.
फोमचं वेष्टण, नाहीतर दगडांवर आत खडखड वाजते.
नळीला एक घाव दोन तुकडे, सरळ,
पितळी मणी, नट, तेल.
बुडबुडे एकेक करून वर येत राहिले,
मी कॅलिपरला टिचक्या मारत बसले,
बारा वाजून गेले तेव्हा कळ बोटाखाली घट्ट झाली.

एक सांगायचं राहिलं.
ओढताना शेवटी दोरा तुटला.
वीतभर आतच राहिला, पांढरा,
फोम आणि कार्बनच्या मधे कुठेतरी.
काढायला गेले असते तर निघाला असता.

सकाळी गाश्पेर आला, वाकून बघितलं,
पुढून, मागून, खालून.
"काहीच दिसत नाही!" म्हणाला, खूश होऊन.
मी बिल दिलं.
मजुरी अडीच तास, नळी, तेल, मणी.
वर खिडकीत आई
नव्या रिळाचं टोक शोधत होती.