रुसण्याचा रकाना

फॉर्मवर अकरा रकाने आहेत.
वजन, उंची, लसी, शाळेतली हजेरी,
झोपायला स्वतंत्र जागा : होय किंवा नाही.
सातवा : मूल घरात रुळले आहे काय?

पहिल्या भेटीत सातवा मी कोरा ठेवला.
आचल तेव्हा चपला घालून झोपायची.
पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या,
घरातलंच काही चोरीला गेल्यासारखं :
"पाय धुऊन देतो म्याडम, तरी घालते.
कोनी न्यायले आलं त
घालाले टाइम नाही भेटत म्हनते."

मागच्या वेळी न्यायला मीच गेले होते.
रात्रीचे नऊ. जीप बंदही केली नव्हती.
सगळे कागद होते माझ्याजवळ.
चपलांचं सुचलं नव्हतं.

घर तलावाच्या पाळीखाली, दारात जाळं वाळत घातलेलं.
डोमाजी शिंगाडे सोलतात,
चार माझ्या बशीत, चार खिडकीत,
आणि खिडकीकडे पाठ करून बसतात.
"पाहिलं का भेवते थे."
थोड्या वेळानं वळतात. खिडकी रिकामी.
दोघांपैकी कोणी काही बोलत नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मी नागपूरला जाते,
उंच भिंतीच्या इस्पितळात, सुकेशनीला भेटायला.
गोळ्यांनी तिची जीभ जड झालीय.
वजन सांगितलं, मार्क सांगितले, तिनं मान हलवली.
मग म्हणाली, "भांग कोन पाडते तिचा?"
त्या घरची बाई, मी म्हटलं. डावीकडून.
आचलनंच सांगितलं, माह्या आईचा असाच असते.
सुकेशनी बराच वेळ स्वतःच्या केसांत बोट फिरवत राहिली.
"तेल कमी लावा म्हना. सर्दी होते तिले."

तीन बस बदलून मी एवढा निरोप आणला.
"आता सांगून राह्यली का?" पंचफुलाबाई माझ्यावरच चिडल्या,
आणि कुपीतलं अर्धं तेल परत बाटलीत ओतलं.

तिसऱ्या भेटीत चपला उंबऱ्याबाहेर होत्या,
पण तोंड रस्त्याकडे.

चौथी भेट चुकली. माझाच ताप.

पाचव्या भेटीला पाळीवरूनच आवाज ऐकू आला :
"नोको जेवू मंग! उपाशी मर!"
माझा हात पिशवीतल्या पेनाकडे गेला.
आत धानाच्या ढोलीमागे आचल, गुडघ्यात डोकं.
खोल पाण्यात गेली होती, एकटी, कमळाच्या कळीसाठी.
चुलीजवळ एक ताट, दुसऱ्या ताटानं झाकलेलं,
त्यावर मांजर येऊ नये म्हणून पाटा.
डोमाजी ढोलीशी बोलत होते :
"झिंगे थंडे झाले त मी नाही गरम करून देत, सांगून ठेवतो."
ढोलीमागून : "नाहीच जेवत."

मी पेन बंद केलं.
परक्या घरात मूल रुसत नाही.
परक्या घरात ते शहाणं असतं,
ताट चाटूनपुसून ठेवतं, विचारल्याशिवाय पाणी पीत नाही.
अठरा वर्षं झाली या कामाला,
मला अजून शहाण्या मुलांचीच भीती वाटते.

निघताना पंचफुलाबाई पाळीपर्यंत आल्या.
"तिची आई बरी झाली त जाईन ना थे?"
हो, म्हटलं. त्यासाठीच तर सगळं.
त्यांनी पदरानं नाक पुसलं.
"मंग एकदम नोका नेऊ. आदी तिले इथं आना, आठ दिवस राहू द्या.
पोट्टी रुसली त कोठी लपते,
आईले मालूम पाहिजे ना बाप्पा."

बसमध्ये सातव्या रकान्यात लिहिलं : होय.
समासात लिहिलं : रुसली.
आणि चपला?
एक अंगणात उलटी पडली होती,
दुसरी कुत्र्यानं पळवलेली.
कोणी शोधत नव्हतं.