निळं फाटक, आत कुत्रं

फोनवर सगळे एकच पत्ता सांगत:
निळं फाटक, आत कुत्रं, लवकर या.

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर,
सगळीच फाटकं निळी.
कधीतरी कुठल्याशा दुकानात निळा रंग स्वस्त निघाला असणार.
आणि कुत्रं कुणाकडे नाही?

एकोणीस वर्षं मी रुग्णवाहिका चालवतो.
त्या रात्री उणे चौतीस होतं,
कोळशाचा धूर इतका दाट
की दिव्यांचा उजेड बॉनेटवरच बसून राहिला,
म्हाताऱ्या बोक्यासारखा.
वायरलेसवर बाई सांगत होती, डावीकडे,
नाही, पाण्याच्या टपरीच्या वर, नाही, अजून वर.
पस्तीस मिनिटं मी निळ्या फाटकांतून फिरलो.
पोचलो तेव्हा कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.
शेगडीचा धूर गेरमध्ये कोंडलेला.
माणूस बेचाळिशीचा.
दाराशी एक मुलगी, हातात बॅटरी.
मी आलो, तपासलं, टोपी काढली,
तरी तिने ती विझवली नाही.

फेब्रुवारीत पोरं दिसू लागली.
आधी तीन, मग सात.
नोमुंदारी, तिच्या वर्गातला गानझोरिग,
आणि एक नाक गळणारा,
ज्याला सगळे बटाटा म्हणत.
पांढऱ्या रंगाचा डबा गोठू नये म्हणून
आळीपाळीने कोटाच्या आत, पोटाशी धरून चालायचे,
नुकतं जन्मलेलं कोकरू न्यावं तसे.
फाटकाशी आले की ओरडायचे: नोखोय खोर!
म्हणजे, कुत्रं धरा.
आमच्याकडे रामराम नंतर, आधी हे.

म्हाताऱ्या दोर्लिगने त्यांना हाकललं.
"आकडा घालायला मी काय बाजारातलं मेंढरू?
माझी चारशे एका हिवाळ्यात आडवी झाली,
तेव्हाही साहेब येऊन मोजून गेले होते.
मोजून काय झालं?"
पोरांकडे याला उत्तर नव्हतं.
नोमुंदारीने एवढंच विचारलं,
आजोबा, तेव्हा तुमचा तळ कुठे होता?
म्हातारा बराच वेळ कुत्र्याची मान खाजवत राहिला.
मग त्याने एका नदीचं नाव घेतलं.

त्या फाटकावर आज २१४ आहे
आणि खाली, बोटभर अक्षरांत, नदी.

मग काय, सगळ्यांनाच काहीतरी हवं झालं.
कुणाला डोंगर, कुणाला खारी विहीर,
एकाला मेलेल्या घोड्याचं नाव.
काम दुप्पट झालं. बटाटा आठवडाभर रुसला.

चुका आहेत. ८८ दोनदा आहे.
१४०चं बिऱ्हाड जूनमध्ये
गेर गुंडाळून, फाटक उपसून निघून गेलं.
आता १३९नंतर एकदम १४१,
मधे गवत, आणि चार खड्डे.

नकाशा वहीच्या कागदांना कागद चिकटवून केलेला,
कोपऱ्यात दूध-चहाचा डाग.
डेपोत माझ्या हातात ठेवला.
मी आधी एक नंबर शोधला.
मला वाटलं, पायथ्याशी असेल, डांबरी रस्त्याला लागून.
तो वर होता,
पाण्याच्या टपरीच्याही वर, तिसऱ्या वळणावर.
माझा हात टोपीकडे गेला.

"तिथे रंग जास्त लागला," नोमुंदारी म्हणाली,
"तेव्हा हात बसला नव्हता."
मग दारातून मागे वळून:
"त्या रात्रीही तुम्ही टोपी अशीच काढली होती, काका."

यावर मी काही बोललो नाही.
तीही थांबली नाही. खाली बटाटा शिट्टी मारत होता.

काल रात्री वायरलेसवर: दोनशे सहा. बाळंतीण.
अकरा मिनिटं लागली.
आकडा वाकडा, सहाचं पोट ओघळून फाटकाच्या कडीपर्यंत आलेलं.
मी नोखोय खोर म्हणायला विसरलो.

माझ्या पोटरीला चार टाके.
मुलगी झाली.