काना

वसतिगृहातली लाइट गेली की
फादर कुरियाकोस लॅटिन शिकवायचे.
परीक्षेला नव्हतं ते. त्यांना सवय होती,
आणि सात पोरांत जागा मी एकटाच असायचो.

कादो, म्हणायचे, मी पडतो.
चेदो, मी कापतो.
आणि हा दुसरा चेदो: मी वाट देतो, बाजूला होतो.
मी वहीत देवनागरीत उतरवलं
तर दोन्ही चेदो जुळ्या भावांसारखे
एकाच ओळीत बसून माझ्याकडे बघायला लागले.
कापणारा कोणता, सरकणारा कोणता?
"त्यांच्या लिपीत फरक आहे," फादर म्हणाले,
"कानाला नाही. वाक्य पूर्ण होऊ दे, मग कळेल."

वाक्य पूर्ण होईस्तोवर थांबायला
खैरखेडात कुणाला वेळ होता.

बाप माझा, उकंडा, धुऱ्यावरचा हिवर छाटत होता,
कुपाला काट्या पाहिजे होत्या.
खाली झिंगराजीकाका फांद्या ओढत होता.
दुपारी बाप पडला.
हवालदारानं फटफटीच्या सीटवर कागद ठेवून
पंचनामा लिहिला:
इसम नामे उकंडा झाडावरून पाडला.

पेन झरत होतं म्हणे.
त्या एका कान्याला धरून झिंगराजीकाका
तीन वर्षं अचलपूरच्या कोर्टात उभा राहिला.
"पडला जी सायेब, पाडला नाई.
म्या तं खाली होतो."
"मग कुऱ्हाड गवतात पडून होती, की फेकलेली होती?"

(त्याचीही जोडी निघाली पुढे.
याचेओ, मी पडून आहे. याचिओ, मी फेकतो.
मात्रा की वेलांटी,
वकिलाला तेवढंच पाहिजे होतं.)

लेगो, फादर म्हणाले, मी वेचतो.
आणि तोच लेगो, मी वाचतो.
दिवाळीच्या सुट्टीत मायला सांगितलं.
बोंडांनी चिरलेली बोटं तिनं तेलात बुडवली होती.
"मंग मी बी शिकेलच हावो की रे," अन्साबाई म्हणाली,
आणि माझ्या वहीवरून बोट फिरवलं.
तेलाचा डाग अजून आहे.
लेगोला एक जुळा आहे, ते तिला नाही सांगितलं:
मी मागे ठेवून जातो.
बापानं मागे ठेवली एक कुऱ्हाड,
ती मालखान्यात, दांड्याला नंबरची चिठ्ठी.

मग एका रात्री ओच्चिदित.
ओ वर जोर द्या: मावळला, मेला.
ची लांबवा: मारलं.
सोल ओच्चिदित, सूर्य मावळला.
जोर चुकला तर सूर्यानं मारलं.
मी म्हटलं, फादर, आमच्याकडे मे महिन्यात
दोन्ही बरोबर धरतात.
ते हसले. मी नाही हसलो, म्हणून थांबले.
मग मी त्यांना पंचनामा सांगितला, तोंडपाठ.

कंदिलाची वात त्यांनी उगाच वरखाली केली.
"मराठीतसुद्धा?"
मराठीत तर फार, फादर.
मर, मार. गळ, गाळ. तर, तार.
एक काना द्या,
कुणीतरी करणारा येऊन उभा राहतो,
नसला तरी.

निकालाची प्रत मीच वाचून दाखवली,
पिंपळाच्या पारावर, दोनदा.
आरोपीस सोडण्यात येत आहे.
झिंगराजीकाकानं टोपी काढली, परत घातली.
"सोडलं का सुटलो?"
मी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

घरी निघालो तर समोरून
कापसाची ट्रॅक्टर आली, रस्ताभर फुगलेली.
काका काही न बोलता धुऱ्यावर चढला,
तिला जाऊ दिलं.
चेदो, मनात म्हटलं.
ऐकणाऱ्याला कोणता ते कळलं नसतं.