हरवलेलं

अपोलीन मावशी मंगळवारी
तळ्याकाठच्या चर्चात आंतोनबाबासमोर उभी.
चाव्या, चष्मा, एकदा तर सुनेची कुडी,
सगळं त्यानं शोधून दिलंय.
नाही दिलं तेव्हा तिनं घरातली त्याची मूर्ती
तांदळाच्या डब्यात उलटी घातली होती, तीन दिवस.

माणसं ऐकेनात म्हणून तो माशांशी बोलला, म्हणतात.
मेल्यावर सगळं कुजलं, जीभ तेवढी राहिली.

मावशीचं उलटं.
ती धडधाकट, जिभेवरून नावं गळताहेत:
आधी शेजारीण, मग लेक,
परवा, भरतीला काय म्हणतात ते.

आज मेणबत्ती पेटवून ती थांबली.
काय हरवलंय, तेच आठवेना.
"तुला ठाऊक असेल," म्हणाली,
आणि पाव ठेवून निघाली.

कळव्याच्या पुलाखाली, ओहोटीच्या चिखलात,
निवट्या डोकी वर काढून बसल्या होत्या.