मी इथे पडते

"मी इथे पडते," मी ओरडले,
आणि सारियेरच्या मिनीबसमधली अकरा माणसं
एकदम माझ्याकडे वळली.
कुणीतरी माझं कोपर घट्ट धरलं.
रेजाईने (तेव्हा तो नुसता ड्रायव्हर होता)
आरशातून पाहिलं, गाडी कडेला घेतली, म्हणाला,
"पडू नको गं पोरी. उतर."

आमच्या लेंकेरानमध्ये बसमधून सगळे पडतातच.
आजोबा पडायचे बाजारापाशी, काखेत कोंबडी,
आई पडते दवाखान्याच्या फाटकाशी, वर्षानुवर्षं,
कुणाला कधी खरचटलं नाही.
निघताना मावशीने समजावलं होतं,
इस्तंबूलची भाषा काय, आपल्या भाषेची चुलत बहीण,
शिकायची गरज नाही, नुसता कान द्यायचा.
चुलत बहिणीच तर मेल्या
सगळ्यात जास्त फसवतात.

घरमालकीण मुअज्जेझबाईंनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं,
लग्नबिग्न?
मी म्हटलं, सुबाय.
आमच्याकडे याचा अर्थ बिनलग्नाची.
त्यांच्याकडे, लष्करी अधिकारी.
त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं,
माझे निळे मोजे, शिवण उसवलेली बॅग,
तिच्यातून झिरपणारा फेइहोआचा मुरंबा,
आणि म्हणाल्या, "एवढ्याशा वयात! शाब्बास."
दोन दिवस मी त्या घरात मानाने राहिले.
तिसऱ्या दिवशी उलगडा झाला
तेव्हा त्यांनी अनामत मागितली. दोन महिन्यांची.

मुरंबा स्थापत्याच्या पुस्तकात शिरला होता.
पान एकशे बारा ते एकशे चाळीस
अजून एकमेकांना सोडत नाहीत.
पहिल्या तासाला सर म्हणाले,
जी इमारत हलायला तयार नसते ती पडते.
सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही.
मग पेन थांबलं. त्यांचं पडणं की आमचं?
आणि एक आख्खी सात मजली इमारत
माझ्या डोळ्यांपुढे, हातात भाजीची पिशवी घेऊन,
थांब्यावर पायउतार झाली,
झगा झटकला,
घराकडे चालू लागली.

खोलीतून समुद्र दिसत नाही.
पुलाचे दिवे दिसतात, तेही अर्धे,
उरलेले समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीमागे.
बाहेर पडायला निमित्त लागतं, म्हणून मी अंडी आणते.
एका वेळी दोनच.
म्हणजे उद्या पुन्हा जाता येतं.
अंड्याला दोन्हीकडे एकच शब्द आहे, देवाची कृपा,
तो मी दुकानात इतका ठासून उच्चारते
की दुकानदार दचकून
टोपलीतलं सगळ्यात मोठं काढून देतो.

मिनीबसमध्ये भाडं हातोहात पुढे जातं.
माझी नोट चार अनोळखी तळव्यांवरून रेजाईपर्यंत पोचते
आणि सुटे त्याच वाटेने परत येतात,
कोमट होऊन.
काही दिवस तर असे गेले
की माणसाच्या हाताची ऊब मिळाली
ती एवढीच.

आईचं घड्याळ माझ्यापुढे एक तास.
मी जेवत असते तेव्हा तिची भांडी घासून झालेली.
नवव्या रात्री मी भरभर सांगत होते,
मग मी मास्लाकला उतरले, मग चालत...
"उतरलीस?" आई म्हणाली. "कुठल्या डोंगरावरून?"
ती हसली. मीही हसले.
मग दोघींनाही पुढचं वाक्य सापडेना.
तिकडे चहाचा पेला बशीवर ठेवल्याचा आवाज आला,
आणि मग बराच वेळ
नुसता बशीचाच.

आज सकाळी गाडी मास्लाकच्या वळणाला लागली.
माझ्या तोंडात दोन्ही शब्द होते,
दोन बोरांच्या बियांसारखे,
कुठली आधी थुंकावी कळेना.
तेवढ्यात रेजाई, आरशात न बघताच,
मागे वळून ओरडला,
"वाट द्या रे जरा, आमची पोरगी इथे पडते."

आणि अकरा माणसांनी,
आज तेरा होती,
गुडघे बाजूला घेतले.